मेंदूच्या वाढीचे विकार आणि प्रयोगशाळेतील पेशी
(मंडळाच्या वार्षिक मेळाव्यात पालकांसमोर केलेले भाषण)



आपल्या मेळाव्यात साधारणपणे शिक्षण, नोकरी, वधू-वर परिचय, बचत गट अशा विषयांवर बोलले जाते. आज मला पेशींवर बोलायला सांगितले आहे. त्याचे कारण गेल्या वर्षीच्या मेळाव्यातील एक प्रसंग आहे. जेवणाच्या पंगती उठल्यावर एक गृहस्थ माझ्याकडे आले. त्यांच्या कडेवर सहा वर्षांची मुलगी होती. ते म्हणाले, "ताई, तुम्ही स्टेम सेलच्या लॅबमध्ये काम करता ना? मग माझ्या पोरीला तिसरं इंजेक्शन तेवढं स्वस्तात मिळवून द्या."

पहिली दोन इंजेक्शने त्यांनी एका मोठ्या शहरातील खाजगी दवाखान्यात दिली होती. मुलीच्या कमरेच्या हाडातून मगज काढायचा, त्यातील पेशी वेगळ्या करायच्या आणि त्या पाठीच्या कण्यात सोडायच्या, असा तो प्रकार. त्यासाठी पतसंस्थेचे कर्ज झाले होते आणि बायकोचे दागिने मोडले होते. मुलगी बोलत नव्हती. तिचे दोन्ही हात छातीशी एकमेकांवर सारखे फिरत होते, आपण साबण लावून हात धुतो तसे. तिची आई थोडी बाजूला उभी होती. नंतर ती मला म्हणाली की पोटुशी असताना तिने ग्रहण पाळले नाही म्हणून असे झाले, असे सासरचे लोक सहा वर्षे म्हणत आहेत.

त्या दोघांना मला तिथे उभ्या उभ्या नीट उत्तर देता आले नाही. मी डॉक्टर नाही, पेशी वाढवणारी बाई आहे. मुलांच्या मेंदूविकारतज्ज्ञाकडे न्या आणि जनुकाची तपासणी करा, एवढेच मी सांगितले. पुढे तपासणी झाली, अहवाल आला, आणि त्यात रेट सिंड्रोम असे निदान निघाले. त्या दोघांच्या परवानगीने, त्यांची नावे न घेता, मी हे सांगत आहे. आज मी त्या दोन प्रश्नांचीच उत्तरे देणार आहे : इंजेक्शनचे आणि ग्रहणाचे. वाट थोडी लांबची आहे, ती व्हिएन्ना आणि जपानवरून जाते. पण कंटाळा येणार नाही अशी आशा आहे.

१९५४ साली व्हिएन्ना शहरात आंद्रेआस रेट नावाच्या बालरोगतज्ज्ञांच्या दवाखान्यात दोन मुली आपापल्या आईच्या मांडीवर बसून वाट पाहत होत्या. दोघींचे हात सारख्याच तऱ्हेने, धुतल्यासारखे फिरत होते. रेट यांना ही गोष्ट खटकली. त्यांनी आपल्या जुन्या नोंदी चाळल्या, तशाच आणखी मुली शोधल्या आणि १९६६ साली जर्मन भाषेत लेख लिहिला. तो फारसा कोणी वाचला नाही. पुढे १९८३ साली स्वीडनचे बेंग्ट हागबर्ग आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ३५ मुलींची हकीकत इंग्रजीत छापली, तेव्हा जगाला या विकाराची ओळख झाली. ज्ञान चांगले असून भागत नाही, ते कोणत्या भाषेत लिहिले यावरही पुष्कळ अवलंबून असते. हे आपल्याला कोणी वेगळे सांगायला नको.

सुमारे दहा हजार मुलींमागे एकीला हा विकार होतो. मुलगी जन्मते तेव्हा चांगली असते. हसते, बसते, एखादा शब्दही बोलू लागते. साधारण सहा महिने ते दीड वर्ष या काळात तिची प्रगती थांबते आणि मग आलेल्या गोष्टी जाऊ लागतात. शब्द जातात, हाताने वस्तू धरणे जाते, त्या जागी ते हात चोळणे येते. पुढे फिट्स, श्वासाची अनियमितता, पाठीचा कणा वाकणे अशा तक्रारी येतात. यातील कितीतरी मुली मोठ्या होऊन बायका होतात, आणि त्यांना सांभाळणारे आईबाप म्हातारे होतात. आलेले मूल डोळ्यांसमोर परत जाताना पाहणे, हे या विकारातील सर्वांत कठीण दुःख आहे.

कारण सापडायला १९९९ साल उजाडले. मूळच्या लेबनॉनच्या हुदा झोगबी या अमेरिकेत मेंदूविकारांचे शिक्षण घेत असताना १९८३ साली त्यांनी अशी पहिली मुलगी पाहिली होती. त्यांनी सोळा वर्षे पाठपुरावा केला आणि त्यांच्या ह्यूस्टन येथील प्रयोगशाळेत ते जनुक सापडले. त्याचे नाव एम.ई.सी.पी.टू. ते एक्स गुणसूत्राच्या टोकाजवळ असते. त्यापासून तयार होणारे प्रथिन चेतापेशीतील इतर अनेक जनुकांवर देखरेख ठेवते. कोणते किती चालावे, कोणते दबून राहावे, हे ते पाहते. हा देखरेख करणाराच बिघडला की कारखाना बंद पडत नाही, पण काम घोटाळ्याचे होते.

आता ग्रहणाच्या प्रश्नाचे उत्तर. हा बिघाड बहुतेक सर्व मुलींमध्ये नव्याने घडलेला असतो. तो आईच्याही रक्तात नसतो आणि वडिलांच्याही नसतो. पुढच्या शोधात असे दिसले की तो बहुतांशी वडिलांकडून आलेल्या एक्स गुणसूत्रावर, म्हणजे शुक्रपेशी तयार होताना, झालेला असतो. शुक्रपेशी शरीरात अखंड तयार होत राहतात, दर वेळी सगळा मजकूर पुन्हा उतरवला जातो, आणि उतरवताना कधी एखादे अक्षर चुकते. वडिलांचा एक्स फक्त मुलींना मिळतो, मुलग्यांना वाय मिळतो. रुग्णांमध्ये जवळजवळ सगळ्या मुलीच का, याचे हे एक मोठे कारण आहे. हे मी वडिलांना दोष देण्यासाठी सांगत नाही. अक्षर चुकणे हा कोणाचाच अपराध नाही. पण सहा वर्षे ज्या बाईला सगळे घर बोल लावत होते, तिच्या शरीरात ती चूक बहुधा झालेलीच नव्हती, एवढे तरी त्या घरात मोठ्याने वाचून दाखवावे असे मला वाटते. आणि चंद्रसूर्याचा तर यात काही संबंधच नाही.

जनुक सापडले म्हणजे काम झाले, असे मात्र नाही. हृदयविकार असेल तर हृदय तपासता येते, यकृताचा तुकडा काढून पाहता येतो. जिवंत मुलाच्या मेंदूचा तुकडा कोण काढू देईल? म्हणून मेंदूच्या वाढीच्या विकारांचा अभ्यास कित्येक वर्षे दोनच वाटांनी होत होता : मृत्यूनंतर दान केलेल्या मेंदूवरून, किंवा उंदरांवरून. पहिल्यात घर जळून गेल्यावर राखेत कारण शोधण्यासारखे आहे. दुसऱ्यात उंदराचा मेंदू माणसाच्या मेंदूसारखा नाही ही अडचण आहे. मुलाच्या स्वतःच्या चेतापेशी, वाढत असताना, पाहायला मिळाव्यात अशी इच्छा होती, पण मार्ग नव्हता.

मार्ग जपानमधून निघाला. शिन्या यामानाका हे आधी हाडांचे डॉक्टर होण्याचे शिक्षण घेत होते. शस्त्रक्रियेत त्यांचा हात इतका सावकाश चाले की वरिष्ठ त्यांना यामानाका न म्हणता 'जामानाका' म्हणत. जपानी भाषेत 'जामा' म्हणजे अडथळा. ही गोष्ट त्यांनी स्वतःच पुढे अनेकदा सांगितली आहे. शस्त्रक्रिया सोडून ते संशोधनात गेले. त्यांचा प्रश्न असा होता : आपल्या शरीरातील प्रत्येक पेशीत तोच संपूर्ण मजकूर असतो, मग त्वचेची पेशी त्वचाच का राहते? तिला पुन्हा गर्भातल्या सुरुवातीच्या पेशीसारखे कोरे करता येईल का? १९६२ साली इंग्लंडमध्ये जॉन गर्डन यांनी बेडकाच्या आतड्याच्या पेशीतील केंद्रक अंड्यात घालून त्यातून बेडूकमासे वाढवले होते. म्हणजे मजकूर पुसला गेलेला नसतो, नुसता झाकलेला असतो, हे माहीत होते. (हे गर्डन शाळेत जीवशास्त्रात वर्गात सगळ्यांत शेवटी होते. व्यासपीठासमोर बसलेल्या दहावीच्या मुलांनी ऐकून ठेवावे, पण पालकांना फार सांगू नये.)

यामानाकांनी २४ जनुकांची यादी केली. त्यांचे सहकारी काझुतोशी ताकाहाशी यांनी ती सगळी एकत्र उंदराच्या त्वचेच्या पेशींत घातली. काही पेशी खरोखरच कोऱ्या झाल्या. मग एकेक जनुक वगळून पाहायचे, कोणते वगळल्यावर काम अडते ते टिपायचे. आपण आमटीत काय कमी झाले ते चाखून ओळखतो, तसेच. शेवटी चारच उरली. २००६ साली उंदरावर आणि २००७ साली माणसाच्या त्वचेवर हे सिद्ध झाले. त्याच सुमारास अमेरिकेत जेम्स थॉमसन यांच्या गटानेही माणसाच्या पेशींवर तेच करून दाखवले. अशा पेशींना इंड्यूस्ड प्लुरिपोटंट स्टेम सेल म्हणतात. आपण थोडक्यात आय.पी.एस. पेशी म्हणू. यामानाका आणि गर्डन यांना २०१२ साली नोबेल पारितोषिक मिळाले.

आता आमच्या कामाबद्दल. मुलाच्या दंडावरील त्वचेचा तीन-चार मिलिमीटरचा, डाळीच्या दाण्याएवढा तुकडा घेतात, किंवा नुसते रक्त घेतात. त्यातील पेशी वाढवून त्यांत ती चार जनुके एका निरुपद्रवी केलेल्या विषाणूमार्फत सोडतात. तीन-चार आठवड्यांत बशीत कोऱ्या पेशींच्या छोट्या वसाहती दिसू लागतात. त्यांना योग्य ती रसायने योग्य त्या दिवशी दिली की त्या चेतापेशी होऊ लागतात, त्यांना लांब धागे फुटतात, ते एकमेकांना शोधतात आणि दोन-तीन महिन्यांनी त्यांच्यातून विजेचे संदेश जाऊ लागतात. पहिल्यांदा सूक्ष्मदर्शकाखाली ते पाहिले तेव्हा मी बराच वेळ खुर्चीवरून उठले नव्हते.

यात चमत्कार काही नाही, हमाली मात्र पुष्कळ आहे. पेशी ३७ अंशांवर, ठरावीक कार्बन डायऑक्साइडच्या हवेत ठेवाव्या लागतात. कोऱ्या पेशींचे अन्नद्रव्य जवळजवळ रोज बदलावे लागते. त्यांना रविवार नसतो आणि दिवाळीही नसते. एकदा माझ्याच हातून एक बाटली नीट निर्जंतुक न होता आत गेली आणि चार महिन्यांच्या चेतापेशी बुरशीने दोन दिवसांत गेल्या. त्या कोणाच्या तरी मुलाच्या होत्या, हे तेव्हा फार लागले होते.

रेटच्या बाबतीत या पद्धतीचा जो उपयोग झाला, तो मला सर्वांत शिकवणारा वाटतो. त्यासाठी मुलींच्या शरीरातील एक गंमत समजून घ्यावी लागेल. मुलीच्या प्रत्येक पेशीत दोन एक्स गुणसूत्रे असतात, पण चालू एकच असते. दुसरे गर्भावस्थेतच गुंडाळून ठेवले जाते. कोणते गुंडाळायचे हे प्रत्येक पेशी आपापले ठरवते आणि तिच्या सगळ्या लेकीबाळी तोच निर्णय पाळतात. इंग्लंडच्या मेरी लायन यांनी १९६१ साली हे मांडले. आपल्या गल्लीत काळ्या-पिवळ्या ठिगळांची मांजर असते, ती जवळजवळ नेहमी मादी असते, त्याचे कारण हेच. काही ठिगळांत एक एक्स चालू, काहींत दुसरा. प्रत्येक स्त्री ही अशी दोन रंगांच्या तुकड्यांची गोधडी आहे. रेटच्या मुलीत काही पेशी बिघडलेले जनुक वापरतात आणि शेजारच्याच पेशी चांगले वापरतात.

एका त्वचेच्या पेशीपासून आय.पी.एस. पेशींची एक वसाहत वाढते, आणि बरेचदा मूळ पेशीचा तो निर्णय तसाच टिकतो. त्यामुळे एकाच मुलीपासून दोन बशा तयार करता येतात : एकीत सगळ्या चेतापेशी बिघडलेल्या जनुकाच्या, दुसरीत सगळ्या चांगल्या जनुकाच्या. बाकी सर्व मजकूर अक्षरशः तोच, कारण मुलगी तीच. दोन बशांत जो फरक दिसेल तो त्या एका जनुकाचाच. इतर विकारांत अशी जोडी मिळवण्यासाठी जनुकातील चूक मुद्दाम दुरुस्त करावी लागते. इथे निसर्गाने ती आधीच दिलेली आहे. यातही सावधगिरी लागते, कारण बशीत बरेच दिवस राहिल्यावर गुंडाळलेला एक्स हळूहळू उलगडू लागतो आणि मग तुलना खोटी ठरते. वारंवार तपासत राहावे लागते.

२०१० साली कॅलिफोर्नियात मारिया मार्केटो, ॲलिसन मुओत्री, फ्रेड गेज आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी रेटच्या रुग्णांच्या त्वचेपासून चेतापेशी वाढवून त्यांचे निरीक्षण प्रसिद्ध केले. पेशी मेलेल्या नव्हत्या. त्या थोड्या लहान होत्या, त्यांच्या फांद्यांवरचे काटे विरळ होते आणि एकमेकींशी जोडणारे सांधे कमी होते. गावात घरे सगळी उभी आहेत, पण एकमेकांकडे जाणाऱ्या पाऊलवाटा कमी आहेत, असे चित्र होते. मग त्यांनी त्याच बशीत आय.जी.एफ.-वन नावाचे वाढीचे द्रव्य घातले, तेव्हा सांध्यांची संख्या वाढली.

याच्या आधी, २००७ साली, स्कॉटलंडमध्ये एडिनबरो येथे एड्रियन बर्ड यांच्या गटाने उंदरांवर एक प्रयोग केला होता. ज्यांचे हे जनुक बंद करून ठेवले होते अशा उंदरांना रेटसारखी लक्षणे आली. ते अगदी आजारी झाल्यावर जनुक पुन्हा चालू केले, आणि त्यांतले बरेचसे सुधारले. त्या काळापर्यंत जवळपास सगळे डॉक्टर आईबापांना सांगत की मेंदूची वाढ एकदा चुकली की चुकली. आता उंदराने सांगितले की इमारत पडलेली नाही, आणि माणसाच्या पेशीने बशीतून सांगितले की सांधे पुन्हा वाढू शकतात. मला या सगळ्या संशोधनातले खरे मोल इथे वाटते. 'वेळ निघून गेली' हे वाक्य पहिल्यांदा संशयास्पद ठरले.

औषधापर्यंत हे कसे पोहोचले? आय.जी.एफ.-वनचा एक छोटा तुकडा रेटच्या उंदरांना उपयोगी पडतो, हे २००९ साली एम.आय.टी.मधील आपले भारतीय वंशाचे शास्त्रज्ञ मृगांक सूर यांच्या प्रयोगशाळेने दाखवले होते. त्या तुकड्याचे सुधारलेले रूप म्हणजे ट्रोफिनेटाइड. मुलींवर रीतसर चाचण्या होऊन मार्च २०२३ मध्ये अमेरिकेत त्याला मान्यता मिळाली. रेटसाठी मान्य झालेले ते पहिले औषध. पण पेढे वाटण्याआधी हेही ऐका. या औषधाने विकार बरा होत नाही. लक्षणांत काही प्रमाणात सुधारणा होते, बहुतेक मुलींना जुलाबाचा मोठा त्रास होतो, आणि किंमत तर आपल्यापैकी कोणाच्याही आवाक्याबाहेरची आहे. बशीत सांधे वाढणे आणि मुलीने घास स्वतः उचलणे यांत फार मोठे अंतर आहे.

२०२३ पासून चांगले जनुकच मुलींच्या शरीरात पोहोचवण्याच्या मानवी चाचण्याही सुरू झाल्या. त्यात एक अडचण अशी की हे जनुक मिठासारखे आहे. कमी पडले तर रेट होतो, आणि जास्त झाले तर दुसराच गंभीर विकार होतो. मुलीच्या मेंदूतील अर्ध्या पेशी तर आधीच चांगल्या असतात, त्यांत भर पडली की काय? २०२४ मध्ये एका चाचणीत मोठी मात्रा दिलेल्या एका रुग्णाचा मृत्यू झाला आणि ती मात्रा सोडून देण्यात आली. ज्यांनी मुलगी त्या चाचणीत दिली त्या आईबापांची आठवण मला हे सांगताना नेहमी येते.

बशीच्या मर्यादाही सांगते, नाहीतर मी माझ्याच दुकानाची जाहिरात केल्यासारखे होईल. बशीतील चेतापेशी महिनोन्महिने वाढवल्या तरी गर्भातील बाळाच्या पेशींएवढ्याच कोवळ्या राहतात. त्यांना रक्त नाही, डोळे-कान नाहीत, आईचा आवाज नाही. एकाच मुलाच्या दोन वसाहतींतही फरक निघतो, म्हणून एकदा दिसलेल्या गोष्टीवर विश्वास ठेवता येत नाही. २०१३ साली मॅडलिन लँकास्टर आणि युर्गन नोब्लिख यांनी मेंदूच्या पेशींचे मसुराएवढे गोळे वाढवून दाखवले, तेही त्याच व्हिएन्नात, जिथे रेट यांनी त्या दोन मुली पाहिल्या होत्या. त्यांना ऑर्गनॉइड म्हणतात. वर्तमानपत्रांनी 'प्रयोगशाळेत मेंदू तयार' अशा बातम्या दिल्या. तो मेंदू नव्हे. रक्तवाहिन्या नसल्याने गोळ्याच्या मध्यभागातील पेशी मरतात. पण मेंदूच्या थरांची सुरुवातीची रचना त्यात दिसते, आणि जन्मतः डोके लहान राहणाऱ्या एका रुग्णाच्या पेशींपासून केलेले गोळेही लहानच राहिले, हा पुरावा मोठा आहे.

आणखी एक. रेट हा एका जनुकाचा विकार आहे, म्हणून आपण त्याची कथा सरळ सांगू शकतो. ऑटिझम म्हणून ज्यांची नोंद होते त्या बहुतेक मुलांत असे एक कारण सापडत नाही. शेकडो जनुकांचा थोडा थोडा वाटा असतो. तिथे बशीतून उत्तर मिळवणे फार कठीण आहे. कोणी छातीठोकपणे सांगत असेल की आम्हाला ऑटिझमचे कारण पेशीत सापडले, तर त्यांना आधी 'कोणत्या ऑटिझमचे' असे विचारावे.

आता त्या गृहस्थांच्या इंजेक्शनकडे येते. ज्या पेशींवर आम्ही काम करतो त्या, आणि त्यांच्या मुलीला टोचलेल्या पेशी, या दोन अगदी वेगळ्या गोष्टी आहेत. नाव मात्र एकच, 'स्टेम सेल', आणि सगळा घोटाळा या नावाने केला आहे. हाडाच्या मगजातील मूलपेशी रक्त तयार करतात. त्यांचा खरा, सिद्ध झालेला उपयोग रक्ताच्या विकारांत आहे. रक्ताचा कर्करोग, थॅलेसेमिया, काही रुग्णांत सिकलसेल यांत त्यांचे प्रत्यारोपण करतात आणि माणसे बरी होतात. त्या पेशी कण्यात सोडल्या म्हणून चेतापेशी होऊन मेंदूत जाऊन बसत नाहीत. आणि बसल्या असे क्षणभर मानले, तरी त्या मुलीच्याच आहेत, त्यांतही तोच बिघाड आहे. बिघडलेल्या बियाण्याने शेत कसे सुधारेल?

मग आमच्या आय.पी.एस. पेशी का टोचत नाही? कारण कोरी पेशी शरीरात गेली तर तिची गाठ होऊ शकते. जपानमध्ये २०१४ साली डोळ्याच्या पडद्यासाठी अशा पेशींपासून केलेला थर पहिल्यांदा एका रुग्णात बसवला, तो कितीतरी तपासण्यांनंतर. शिवाय डोळ्यात एक लहान जागा बिघडलेली असते. रेटमध्ये सगळ्या मेंदूभर पसरलेल्या पेशी बिघडलेल्या असतात, तिथे चार पेशी आणून ठेवण्याने काय होणार? आमच्या पेशी मुलांना देण्यासाठी नाहीत, त्या प्रश्न विचारण्यासाठी आहेत. शंभर औषधे मुलीवर वापरून पाहता येत नाहीत, तिच्या पेशींवर पाहता येतात.

भारतीय आयुर्विज्ञान अनुसंधान परिषद आणि जैवतंत्रज्ञान विभाग यांनी २०१७ साली राष्ट्रीय मार्गदर्शक तत्त्वे दिली आहेत. रक्ताच्या मान्य विकारांतील प्रत्यारोपण सोडून मूलपेशींचा इतर कोणताही वापर केवळ नोंदणीकृत चाचणीतच व्हावा, आणि चाचणीत रुग्णाकडून पैसे घेऊ नयेत, असे त्यांत आहे. म्हणून ओळखायची खूण अगदी सोपी आहे. कोणी मेंदूच्या विकारासाठी स्टेम सेलचे पैसे मागितले, की तिथून उठावे. कर्ज काढून ज्यांनी हे केले त्यांना मी मूर्ख म्हणणार नाही. लेकराने पुन्हा 'आई' म्हणावे यासाठी माणूस काहीही विकतो, आणि विकणाऱ्यांना ते ठाऊक असते. तेच पैसे फिजिओथेरपी, गिळण्याचे आणि संवादाचे प्रशिक्षण, फिट्सची औषधे आणि कण्याची वेळेवर तपासणी यांवर खर्च झाले असते, तर मुलीचा दिवस बरा गेला असता. यातले बरेच काही सरकारी रुग्णालयात मिळते. दिव्यांग प्रमाणपत्र काढून ठेवावे, राष्ट्रीय न्यासाच्या निरामय विमा योजनेची चौकशी करावी. हे काम बशीपेक्षा कमी चमकदार आहे, पण आज उपलब्ध आहे.

शेवटी एका गोष्टीबद्दल बोलल्याशिवाय माझ्याने खाली बसवणार नाही. पेशी कोणाच्या, हा प्रश्न. १९५१ साली अमेरिकेत बाल्टिमोर येथे हेन्रिएटा लॅक्स नावाची एक गरीब कृष्णवर्णीय स्त्री कर्करोगाने एकतिसाव्या वर्षी वारली. तिच्या गाठीतील पेशी तिला न विचारता घेतल्या गेल्या आणि त्या आजही जगभरच्या प्रयोगशाळांत वाढत आहेत. त्यांवर असंख्य संशोधने झाली, पुष्कळांनी पैसा मिळवला, आणि तिच्या मुलाबाळांना वीसेक वर्षे काही माहीतही नव्हते. २०२३ साली एका कंपनीने तिच्या वारसांशी तडजोड केली. मी प्रयोगशाळेत काम शिकले ते त्याच पेशींवर. तेव्हा ही हकीकत मला कोणी सांगितली नव्हती, मी ती नंतर वाचली.

आपल्या समाजाला या गोष्टीतले मर्म वेगळे समजावून सांगण्याची गरज नाही. म्हणून कोणी तुमच्या मुलाच्या पेशी संशोधनासाठी मागितल्या, तर संमतिपत्र मराठीत मागा. पेशी किती वर्षे ठेवणार, कोणाला देणार, काही सापडले तर आम्हाला कळवणार का, आमचे मन बदलले तर काय, हे विचारा. 'नाही' म्हणण्याने मुलाचे उपचार थांबत नाहीत, थांबता कामा नयेत. दुसऱ्या बाजूने हेही खरे आहे की जगातील अशा पेशींपैकी फार मोठा भाग युरोपीय वंशाच्या लोकांचा आहे. बेंगळुरू येथे निम्हान्स, एन.सी.बी.एस. आणि इनस्टेम या संस्थांनी मिळून मानसिक आजार असलेल्या भारतीय कुटुंबांच्या आय.पी.एस. पेशी तयार करण्याचे काम केले आहे. आपल्या लोकांच्या पेशी त्या कपाटांत असल्याच नाहीत, तर उद्याची औषधे आपल्यावर कशी चालतील हे कोण तपासणार? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत आणि मला त्यांचा सोपा मेळ घालता येत नाही.

ती मुलगी आता सात वर्षांची आहे. तिसरे इंजेक्शन दिलेले नाही, पतसंस्थेचे हप्ते चालू आहेत. गेल्या महिन्यात तिच्या आईने फोनवर मला विचारले, "ताई, आम्ही पोरीच्या पेशी दिल्या तर तिला फायदा होईल का?" मी सांगितले की तिला बहुधा नाही, तिच्यानंतरच्या एखाद्या मुलीला कदाचित, आणि तेही नक्की नाही. ती म्हणाली, "विचार करून सांगते." अजून तिने सांगितलेले नाही, आणि मीही विचारलेले नाही.

मी संध्याकाळच्या गाडीने परत जाणार आहे, उद्या सकाळी बशा बदलायच्या आहेत. तोपर्यंत मी इथेच आहे. ज्यांना सर्वांसमोर विचारायचे नसेल त्यांनी जेवणाच्या वेळी माझ्याजवळ येऊन बसावे.